टार तर टारच ना? मग उघडत का नाही?

गेल्या अंकात बॅकअपवर चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात आलेल्या मेलांपैकी निम्म्यांचं रडगाणं एकच: फाइल इथे बनवली, तिथे उघडत नाही. म्हणून या वेळी दुसरं काही नाही, फक्त टार, सीपीआयओ आणि त्यांचं खानदान, म्हणजे पुष्कळ फाइली एकत्र बांधून त्यांची एकच फाइल करणारे प्रोग्रॅम. एक गोष्ट आधीच सांगतो, हे सदर देवनागरीत छापतात त्यामुळे कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा. मागे एकाने इथलं जसंच्या तसं कॉपी-पेस्ट केलं आणि "कमांड नॉट फाउंड येतंय सर" असा मेल टाकला होता, आता त्यांना काय सांगणार!

प्रश्न: सर, आमच्याकडे ग्रामपंचायतींच्या दाखल्यांचे स्कॅन आहेत, फाइलींची नावं पूर्ण मराठीत. उबंटूवर टार करून क्लायंटच्या जुन्या सोलारिस सर्व्हरवर टाकलं, तर थोडं सुटलं आणि मग "डिरेक्टरी चेकसम एरर" देऊन थांबलं. दुसऱ्या एका जुन्या मशीनवर एरर नाही आला पण "@लाँगलिंक" नावाची एक विचित्र फाइल आली आणि बाकी फाइलींची नावं अर्धवट कापलेली. तीच टार माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित सुटते. कॉपी होताना करप्ट झाली म्हणावं तर एमडी-५ दोन्हीकडे जुळतोय. — नागपूरहून एक वाचक

उत्तर: एमडी-५, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, जुळतोय ना, मग फाइलला काहीही झालेलं नाही, नेटवर्कला शिव्या देणं आधी बंद करा. भांडण तुमच्या टारचं आणि त्यांच्या टारचं आहे आणि ते तुमच्या-माझ्या आधीपासून चालू आहे.

टार आला १९७९ साली, सेव्हन्थ एडिशन युनिक्सबरोबर, टेपवर लिहायला. प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटचा एक हेडर, म्हणजे त्या फाइलच्या माहितीचा तुकडा, त्यात नावाला जागा १०० बाइट. बस. पुढे १९८८ च्या पॉझिक्समधे, म्हणजे युनिक्सच्या स्टँडर्डमधे, यूस्टार नावाचा फॉरमॅट आला, त्यात पुढे आणखी १५५ बाइटचा एक रकाना जोडला, म्हणजे लांबलचक पाथ असेल तर तो एखाद्या स्लॅशवर तोडायचा, स्लॅशच्या आधीचा भाग १५५ च्या रकान्यात आणि उरलेला १०० च्या. पण तोडायचं फक्त स्लॅशवरच हं, नावाच्या मधेच नाही. म्हणजे एका फाइलचं नुसतं नावच १०० बाइटच्या वर गेलं तर यूस्टारमधे ते बसूच शकत नाही.

आता तुम्ही म्हणाल १०० म्हणजे भरपूर की. इंग्रजीत भरपूर, मराठीत नाही. यूटीएफ-८ मधे, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या आजच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि चिन्ह म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर नव्हे, काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला हलन्तसुद्धा वेगळा. "ग्रामपंचायत" घ्या. डोळ्यांना सहा अक्षरं दिसतात. मोजा: ग, हलन्त, र, काना, म, प, अनुस्वार, च, काना, य, त. अकरा चिन्हं, ३३ बाइट. तीनदा ग्रामपंचायत लिहिलं की ९९ झाले, शंभरातला एक बाइट उरला! आणि तुमच्या फाइलींची नावं "ग्रामपंचायत अमुक रहिवासी दाखला सन अमुक" या थाटाची असणार, ती शंभर सहज ओलांडतात. इंग्रजी नावं ठेवणाऱ्याला हा आजार वर्षानुवर्षं दिसत नाही, आपल्याला पहिल्याच दिवशी दिसतो.

मग तुमच्या उबंटूने ती नावं ठेवली कुठे? जीएनयू टारने, म्हणजे लिनक्सवर असतो त्या टारने, आपली वेगळी युक्ती काढली. मोठं नाव आलं की आधी एक खोटी एंट्री लिहायची, तिचा टाइप "एल" आणि तिचं नाव डॉट स्लॅश डॉट स्लॅश @लाँगलिंक, आणि खरं लांब नाव त्या एंट्रीच्या पोटात डेटा म्हणून भरायचं. त्यामागून खऱ्या फाइलचा हेडर, ज्यात नाव कापलेलं. ज्याला ही खूण माहीत आहे तो दोन्ही जोडून नीट नाव देतो. ज्याला माहीत नाही तो "एल" ला साधी फाइल समजतो आणि तुम्हाला @लाँगलिंक काढून देतो, तुमच्या दुसऱ्या मशीनवर हेच झालंय. आणि काही टार सरळ गडबडतात आणि चेकसमची तक्रार करत बसतात. नुसतं देवनागरी नाव असेल आणि ते शंभराव्या बाइटला कापलं गेलं तर ३४ वं चिन्ह मधोमध चिरलं जातं, त्यातला एकच बाइट शिल्लक राहतो, म्हणून त्या अर्धवट नावांच्या शेवटी तुम्हाला प्रश्नचिन्ह किंवा चौकोन दिसत असणार. बघा दिसतोय का.

तुमचा टार मुळात काय लिहितो ते "टार --शो-डिफॉल्ट्स" ने कळतं, त्यात --फॉरमॅट=जीएनयू दिसेल. जीएनयूवाले त्यांच्या मॅन्युअलमधे कित्येक वर्षं लिहितायत की पुढे कधीतरी डिफॉल्ट पॉझिक्स करणार म्हणून, ते पुढे अजून आलेलं नाही. आणि आधीच बनलेली फाइल कुठल्या जातीची आहे ते बघायला "फाइल" कमांड आहे, ती जीएनयूची असेल तर पॉझिक्स टार आर्काइव्ह म्हणून कंसात जीएनयू असं सांगते. ती हे कशावरून ओळखते माहितीये? हेडरच्या २५७ व्या बाइटपासून "यूस्टार" हा शब्द लिहिलेला असतो. खऱ्या यूस्टारमधे त्यानंतर एक शून्य बाइट आणि मग "००" हे दोन आकडे, जीएनयूच्यात मात्र दोन स्पेस आणि मग शून्य बाइट. दोन स्पेसचा फरक, आणि त्यावरून इतकं रामायण.

उपाय तीन आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे त्या सर्व्हरवर जीटार, म्हणजे जीएनयू टारच, आहे का बघा, सोलारिस १० असेल तर तो बहुतेक वेळा /यूएसआर/एसएफडब्ल्यू/बिन मधे पडलेला असतो आणि कोणालाच माहीत नसतो, सोलारिस ११ वर /यूएसआर/बिन मधेच. तो वापरा, विषय संपला. दुसरा, तुमच्याकडे टार करताना --फॉरमॅट=पॅक्स द्या, हा २००१ च्या पॉझिक्सचा फॉरमॅट, यातही लांब नाव वेगळ्या एंट्रीतच जातं पण ती पद्धत स्टँडर्डमधे लिहिलेली आहे आणि अगदी जुना टार असेल तरी तो फार तर पॅक्सहेडर्स नावाच्या फोल्डरात छोट्या टेक्स्ट फाइली काढून ठेवतो, त्या कॅट करून वाचता येतात आणि त्यात तुमचं पूर्ण नाव लिहिलेलं असतं, म्हणजे हरवत काही नाही. तिसरा उपाय मला स्वतःला आवडतो तो, --फॉरमॅट=यूस्टार द्यायचं. मग न बसणारं नाव आलं की टार तुमच्याच टर्मिनलवर ओरडतो, "फाइल नेम इज टू लाँग, कॅनॉट बी स्प्लिट, नॉट डम्प्ड". ती फाइल आर्काइव्हमधे जात नाही हे लक्षात ठेवा, पण भांडण तुमच्या घरात होतं, क्लायंटच्या घरात नाही. मग तेवढ्या फाइलींना दाखला-०००१ अशी छोटी नावं द्या आणि कुठला नंबर म्हणजे कुठलं मराठी नाव त्याची एक टेक्स्ट फाइल सोबत टाका.

आणि जाता जाता, त्या जुन्या टारला जीझिपने दाबलेली फाइल उघडायचा झेड ऑप्शन बहुधा नसेलच, तेव्हा "जीझिप -डीसी फाइल | टार एक्सएफ -" असं पाइप करून सोडायचं.

प्रश्न: दादा, मी मॅकवर काम करते, सर्व्हर लिनक्स. मी पाठवलेली टार उघडली की प्रत्येक फाइलच्या शेजारी डॉट-अंडरस्कोरने सुरू होणारी जुळी फाइल येते आणि वर स्क्रीनभर "इग्नोरिंग अननोन एक्स्टेंडेड हेडर कीवर्ड" असे मेसेज. सर्व्हरवाले म्हणतात तुझ्या मॅकला व्हायरस आहे. — पुण्याहून एक वाचक

उत्तर: व्हायरस वगैरे काही नाही, सर्व्हरवाल्यांना माझा नमस्कार सांगा. मॅकवर फाइलला चिकटून बरंच काही असतं, फाइल नेटवरून डाउनलोड केली होती का, फाइंडरने कुठला रंग दिलाय वगैरे. मॅकचा टार म्हणजे बीएसडी टार, लिबआर्काइव्ह या लायब्ररीवर चालणारा, तो जीएनयू टार नाहीच. तो हे सगळं चिकटलेलं प्रकरण त्या डॉट-अंडरस्कोर फाइलींमधे भरून पाठवतो. मॅकवर सोडलं की ते परत आपापल्या फाइलला चिकटतं, लिनक्सला त्यातलं काही कळत नाही म्हणून जुळी फाइल तशीच पडून राहते. खात्री करायची असेल तर अशी एखादी फाइल हेक्सडम्प करून बघा, सुरुवातीचे चार बाइट ०० ०५ १६ ०७ असतील, ती ॲपलडबल या फॉरमॅटची खूण.

टार करण्याआधी कॉपीफाइल-अंडरस्कोर-डिसेबल हे व्हेरिएबल, सगळी अक्षरं कॅपिटल, १ करा. किंवा टारलाच --नो-मॅक-मेटाडेटा द्या आणि सोबत --नो-एक्सअॅट्र्स, म्हणजे ते मेसेजही जातील. मेसेज तसे निरुपद्रवी आहेत, फाइलीतला डेटा नीटच येतो. जुळ्या फाइली मात्र मी निरुपद्रवी म्हणणार नाही, कारण शेलचा स्टार डॉटने सुरू होणाऱ्या फाइली सोडून देतो पण "फाइंड" सोडत नाही. एका ठिकाणी रात्रीची स्क्रिप्ट फोल्डरातली फाइंडला मिळेल ती प्रत्येक डॉट-एसक्यूएल फाइल डेटाबेसमधे चालवायची, आणि कोणीतरी मॅकवरून पाठवलेल्या जुळ्या फाइलवर ती रोज रात्री आपटायची. आठवडाभर आम्ही डेटाबेसमधे चूक शोधत होतो.

मॅक आणि लिनक्समधे जाणारे-येणारे आणखी एकात अडकतात म्हणून सांगतो. "टार एक्सएफ अमुक.टार '*.टीएक्सटी'" हे मॅकवर मुकाट्याने चालतं. लिनक्सवर तेच दिलं की तो म्हणतो नावात पॅटर्नची चिन्हं दिसतायत, --वाइल्डकार्ड्स द्या. बीएसडी टार स्टारला आपणहून स्टार समजतो, जीएनयू टार सोडताना त्याला नावाचाच भाग धरतो. आणि उलट दिशेने, लिनक्समधे फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असलेली दोन वेगळी नावं चालतात पण मॅकच्या डिस्कला नेहमीच्या सेटिंगमधे कॅपिटल-स्मॉल एकच वाटतं. लिनक्स कर्नलच्या सोर्समधेच एक्सटी-अंडरस्कोर-कनमार्क नावाच्या दोन हेडर फाइली आहेत, एकीत कनमार्क कॅपिटलमधे, दुसरीत स्मॉलमधे. मॅकवर सोडलं की एक दुसरीला खाते, एरर नाही काही नाही.

प्रश्न: आमच्या संस्थेचा डेटा जुन्या मॅकच्या एक्स्टर्नल डिस्कवरून लिनक्सवर आणला, टार करून. "शेतकऱ्यांची यादी" नावाची फाइल आधीपासून लिनक्सवर होती, ती ओव्हरराइट होईल असं वाटलं होतं तर आता एकाच फोल्डरात त्याच नावाच्या दोन फाइली दिसतात! असं होऊच कसं शकतं? नाव टाइप करून शोधलं तर एकच सापडते. — सांगलीहून एक वाचक

उत्तर: या महिन्यातला सगळ्यात भारी प्रश्न, आणि हा फक्त आपल्यालाच पडू शकतो, कारण खरा गुन्हेगार आहे मराठीतला ऱ.

युनिकोडमधे ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र एकच चिन्ह. दोन, साधा र आणि त्यानंतर नुक्ता, म्हणजे खालचा टिंब. दोन्ही एकच मानायचे असा युनिकोडचा नियम आहे पण बाइट वेगळे. पहिल्याचे तीन बाइट, ई० ए४ बी१. दुसऱ्याचे सहा, ई० ए४ बी० आणि मग ई० ए४ बीसी. आता जुन्या मॅकची जी फाइल सिस्टीम, एचएफएस प्लस, तिला अशी सवय होती की नाव साठवताना जे फोडता येईल ते फोडून ठेवायचं. तुम्ही कीबोर्डवर एकसंध ऱ टाइप केला तरी डिस्कवर र आणि नुक्ता. लिनक्स असलं काही करत नाही, जे बाइट दिले ते ठेवले, आणि टारनेही इथे नुसती हमाली केली. त्यामुळे डिस्कवरून आलेलं फुटका ऱ वालं नाव आणि तुमचं आधीचं एकसंध ऱ वालं नाव या लिनक्सच्या दृष्टीने दोन वेगळ्या फाइली. फॉन्ट मात्र दोन्ही सारखेच काढतो. शेतकऱ्यांची, गावकऱ्यांची, कर्मचाऱ्यांची, दुसऱ्या, चौकशी करणाऱ्यांची... सरकारी मराठीत ऱ किती येतो ते बघा म्हणजे तुमच्या डिस्कवर अशा किती जोड्या असतील याचा अंदाज येईल.

"एलएस | हेक्सडम्प -सी" करा आणि क नंतरचे बाइट ताडून बघा. दुरुस्तीला कन्व्हएमव्ही नावाचं टूल आहे, "कन्व्हएमव्ही -आर -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी फोल्डर" असं चालवलं की तो फुटकी नावं सांधतो. पहिल्यांदा नुसतं दाखवतो काय करणार ते, खरंच करायला --नोटेस्ट जोडावं लागतं. पण त्याआधी जिथे जोडी आहे तिथे कुठली यादी नवी आणि कुठली जुनी ते बघून एक बाजूला काढा, नाहीतर दोघींचं नाव एकच व्हायला जाईल.

इतकं करूनही एखादी जोडी उरली तर दचकू नका. आपल्याकडे तिसराही प्रकार आहे, काही कीबोर्ड ऱ्य काढताना र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारा जोडक, झिरो विड्थ जॉइनर, असं घालतात. दिसायला पुन्हा तेच. पण युनिकोडच्या लेखी हा पहिल्या दोघांचा कोणी लागत नाही त्यामुळे कन्व्हएमव्ही त्याला हात लावत नाही, ती नावं स्वतःच रीनेम करावी लागतात. ई२ ८० ८डी हे तीन बाइट दिसले की ओळखा. आणि वरच्या नागपूरच्या वाचकांनी पण इकडे लक्ष द्या, एकसंध ऱ फुटला की नाव तीन बाइटने वाढतं, काल ९९ मधे बसणारं नाव मॅकच्या डिस्कवर जाऊन आलं की १०२.

प्रश्न: ऑफिसने नवा लॅपटॉप दिला, लॉगिन कंपनीच्या डोमेनवरून. तेव्हापासून आमच्या प्रोजेक्टची रिलीज स्क्रिप्ट, जी --फॉरमॅट=यूस्टार वापरते, ती "व्हॅल्यू आउट ऑफ यूआयडी_टी रेंज ०..२०९७१५१" म्हणते. जुन्या लॅपटॉपवर कधीच नाही आलं. २०९७१५१ हा आकडा आला कुठून? — बंगळुरूहून एक वाचक

उत्तर: हेडरमधे यूझर नंबरला ८ बाइट आहेत, त्यातला एक शेवटच्या खुणेला, उरले सात. त्या सात जागांवर आकडा अष्टमान पद्धतीत लिहायचा, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक. सात सत्ते, ७७७७७७७, हे आपल्या दशमानात २०,९७,१५१. घरच्या मशीनवर तुमचा यूझर नंबर १००० असतो, डोमेनवर मात्र अब्जांमधलाही मिळू शकतो, तो बसणार कसा. रिलीजच्या टारमधे तुमचा ऑफिसमधला नंबर हवाय कोणाला? --ओनर=० --ग्रुप=० --न्यूमेरिक-ओनर द्या, संपलं.

याचाच थोरला भाऊ म्हणजे फाइलच्या साइझचा रकाना, १२ बाइट, त्यातले ११ वापरायचे, म्हणून यूस्टारमधे एक फाइल जास्तीत जास्त ८,५८,९९,३४,५९२ ला एक बाइट कमी, म्हणजे ८ जीबीच्या आतच. डेटाबेसचा डम्प ७ जीबी होता तोवर स्क्रिप्ट चालत होती आणि एका रात्रीत बंद पडली, असं कोणी सांगितलं की मी आधी हेच विचारतो. जीएनयू टार मोठा आकडा अष्टमान सोडून बायनरीत लिहितो, पॅक्स तो वेगळ्या एंट्रीत दशमानात लिहितो. जीएनयूची ती बायनरीची युक्ती आजचा बीएसडी टारही ओळखतो, जुन्या कमर्शियल युनिक्सवाल्यांचा भरवसा धरू नका.

प्रश्न: गिट आर्काइव्हने बनवलेली टार एका जुन्या मशीनवर सोडली तर पॅक्स_ग्लोबल_हेडर नावाची फाइल आली. डिलीट करू का? — ठाण्याहून

उत्तर: करा. पण आधी साइझ बघा, ५२ बाइट असेल. त्यात एकच ओळ असते: ५२, स्पेस, कॉमेंट, बरोबरचं चिन्ह आणि कमिटचा, म्हणजे गिटमधे नोंदवलेल्या त्या आवृत्तीचा, ४० अक्षरी हॅश, शेवटी ओळ संपल्याची खूण. सुरुवातीचा ५२ हा त्या ओळीची स्वतःची लांबी, स्वतः धरून! मोजून बघा, ३ आणि ८ आणि ४० आणि १. ज्या टारला पॅक्स कळतो तो ही एंट्री गिळून टाकतो, ज्याला कळत नाही तो ती फाइल म्हणून ओकतो. कोणी तुम्हाला टार दिली आणि ही कुठल्या कमिटची असं विचारायचं असेल तर "गिट गेट-टार-कमिट-आयडी" ला ती टार खायला घाला, तो याच ओळीतून हॅश काढून देतो.

प्रश्न: उबंटूसाठीचं एक डॉट-डेब पॅकेज डेबियन ११ वर टाकायला गेलो तर "अननोन कॉम्प्रेशन फॉर मेंबर कंट्रोल.टार.झेडएसटी, गिव्हिंग अप". — औरंगाबादहून

उत्तर: डॉट-डेब म्हणजे आत काय असतं तर एआर आर्काइव्ह, जो सी-वाले लायब्ररीसाठी वापरतात तोच, आणि त्यात डेबियन-बायनरी नावाची एक छोटी फाइल आणि दोन टार. उबंटूने २१.१० पासून त्या टार झेडस्टँडर्डने दाबायला सुरुवात केली, डेबियन ११ च्या डीपीकेजीला, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, ते उघडता येत नाही, १२ ला येतं. "एआर एक्स" ने फोडा, दोन्ही टार "अनझेडएसटीडी" ने उघडून "एक्सझेड" ने दाबा, आणि "एआर क्यूसी" ने परत बांधा, डेबियन-बायनरी पहिली, मग कंट्रोल, मग डेटा, याच क्रमाने. पण पॅकेज उघडलं म्हणजे चाललं असं नाही, आतल्या लायब्ररी उबंटूच्या आवृत्तीच्या असतील तर तुम्ही नुसतं एका एररवरून दुसऱ्या एररवर गेलात. शक्य असेल तर डेबियनसाठीचंच पॅकेज शोधा.

प्रश्न: सर, माझ्या काकांचा छापखाना होता. तिथल्या जुन्या युनिक्स मशीनच्या टेपची इमेज एका दुकानातून काढून आणली, टार म्हणतो हे टार नाहीच. "फाइल" कमांड म्हणते बाइट-स्वॅप्ड सीपीआयओ आर्काइव्ह. हे काय असतं आणि उघडेल का? — कोल्हापूरहून एक वाचक

उत्तर: उघडेल, आणि बहुतेक पूर्ण उघडेल. सीपीआयओ टारच्याही आधीचा, बेल लॅबमधलाच, आणि युनिक्सच्या सिस्टीम फाइव्ह घराण्यातल्या मशीनवर बॅकअप म्हणजे सीपीआयओच. टार आणि सीपीआयओ यांच्यात स्टँडर्ड कुठलं यावरून इतकी जुंपली की शेवटी पॉझिक्सवाल्यांनी दोन्ही वाचणारी तिसरीच कमांड काढली आणि तिचं नाव ठेवलं पॅक्स, लॅटिनमधे शांतता. तहाचं नाव कमांडला, मला हे फार आवडतं.

जुन्या बायनरी सीपीआयओमधे हेडरमधले आकडे टारसारखे अक्षरांत लिहिलेले नसतात, मशीन जसे मेमरीत ठेवतं तसे थेट टेपवर उतरतात. सुरुवातीचा मॅजिक आकडा, म्हणजे फॉरमॅट ओळखायची खूण, अष्टमानात ०७०७०७. एका जातीच्या प्रोसेसरवर त्याचे दोन बाइट सी७ ७१ असे पडतात, दुसऱ्या जातीच्यावर ७१ सी७. काकांचं मशीन तुमच्या पीसीच्या उलट्या जातीचं होतं, एवढंच. जीएनयू सीपीआयओ हे आपणहून ओळखतो, "आर्काइव्ह हेडर हॅज रिव्हर्स बाइट-ऑर्डर" अशी वॉर्निंग देतो आणि पुढे जातो, फाइलींच्या आतल्या मजकुराला काही करावं लागत नाही. नावं आणि मजकूर दोन्ही "रामठी"सारखे दोन-दोन अक्षरं उलटे दिसतायत असं झालं तर मात्र टेप वाचतानाच कोणीतरी बाइट फिरवलेत, तेव्हा आधी "डीडी" ला कन्व्ह=स्वॅब देऊन अख्खी इमेज परत फिरवा आणि त्या कॉपीवर काम करा.

पण थांबा, सोडू नका अजून. आधी "सीपीआयओ -आयटीव्ही" करून नुसती यादी बघा आणि नावं स्लॅशने सुरू होतायत का ते बघा. टार स्लॅश काढून टाकतो, "रिमूव्हिंग लीडिंग स्लॅश" म्हणतो ते तुम्ही पाहिलं असेल. सीपीआयओ काढत नाही! जीएनयूचासुद्धा, त्याचं डिफॉल्टच तसं आहे. एका कंपनीत होतो तेव्हा जुन्या सर्व्हरचा असाच बॅकअप मी नव्या मशीनवर /टीएमपी मधे बसून सोडला, रूट म्हणजे सगळे अधिकार असलेला यूझर म्हणून, आणि हाताला सवय -आयडीएमव्ही ची. तो म्हणाला नव्या फाइली आधीच आहेत, मी बनवत नाही. मला वाटलं /टीएमपी मधल्याच मागच्या प्रयत्नातल्या असतील, म्हणून यू जोडला, म्हणजे विचारू नको, लिही. त्या /टीएमपी मधल्या नव्हत्याच. /ईटीसी/पासवर्ड, /ईटीसी/होस्ट्स, सगळं आठ वर्षं जुनं होऊन बसलं, आणि ज्या टर्मिनलवर मी होतो तेवढंच एक लॉगिन जिवंत राहिलं, ते बंद होऊ नये म्हणून रात्री नऊपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही. साहेब दोनदा चहा घेऊन आले, मला वाटतं त्यांना वाटलं पोरगा मेहनती आहे.

तेव्हा साध्या यूझरने लॉगिन करा, नवं रिकामं फोल्डर, आणि "सीपीआयओ -आयडीएमव्ही --नो-अॅब्सोल्यूट-फाइलनेम्स < इमेज". मधे कुठे टेप खराब असेल तर तो पुढचा मॅजिक आकडा सापडेपर्यंत बाइट सोडत जातो आणि किती सोडले ते सांगतो, ते आकडे लिहून ठेवा. मराठी मजकूर निघाला तर तो यूनिकोडमधे नक्की नसणार, छापखान्याच्या त्या वेळच्या फॉन्टच्या कोडमधे असेल आणि इंग्रजी कचऱ्यासारखा दिसेल, त्याला कचरा समजून उडवू नका. अशी एक फाइल आणि त्याच मजकुराचा छापील कागद, हँडबिल असो की लग्नपत्रिका, दोन्हीचे फोटो मला पाठवा, कुठला फॉन्ट होता ते ओळखता येतंय का बघतो.